खाशाबा आणि सात हजार रुपये

माझा एक पुतण्या सिडनीला असतो. एरवी त्याचा फोन सणावाराला येतो. पण १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं आणि त्याच दिवशी याचा फोन आला. म्हणाला, "काका, सगळीकडे सांगतायत की महाराष्ट्राला बहात्तर वर्षांनी ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं. मग बहात्तर वर्षांपूर्वी कोणी मिळवलं होतं?"

म्हटलं, "अरे, खाशाबा जाधव. नाव ऐकलं नाहीस?"

"नाव ऐकलंय. पैलवान ना? पण त्यांचं पुढे काय झालं?"

या "पुढे काय झालं" ला फोनवर उत्तर देता येईना. नेट सारखं जात होतं (आमच्या हरसूलला पावसाळ्यात हे ठरलेलंच), शिवाय उत्तर लांबलचक. तेव्हा त्याला म्हटलं, सवडीने लिहून पाठवतो. लिहायला बसलो तर पत्र काही पुरं होईना, म्हणून इथेच लिहितोय. बाकीच्या पुतणे-भाच्यांनाही वाचता येईल.

त्याच्याकडची एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती पुढे कामाला येणार आहे. त्याच्या मुलाच्या शाळेत रग्बी म्हणजे सर्वस्व. शाळेच्या भिंतीवर जुन्या खेळाडूंचे फोटो, त्यात १९४७-४८ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या ऑस्ट्रेलियन संघाचाही एक. त्या संघाबद्दल त्याने मला मागे सांगितलं होतं. कित्येक महिन्यांचा दौरा, बोटीने जायचं. कप्तान मॅक्लीनचा पाय मोडला, मग ट्रेव्हर ॲलन नावाच्या कोवळ्या पोराने संघ सांभाळला आणि इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स या चौघांपैकी एकालाही त्यांच्याविरुद्धच्या कसोटीत एक 'ट्राय' करता आला नाही. मला रग्बीतलं काही कळत नाही. पण हे सगळे हौशी खेळाडू होते, म्हणजे खेळण्याचा पगार नाही, हे ऐकून मी कान टवकारले. रग्बी युनियनमध्ये खेळाडूला उघडपणे पैसे द्यायला १९९५ साली परवानगी मिळाली. तोवर नोकरीधंदा सोडून महिनोन्‌महिने खेळायचं आणि परत येऊन पुन्हा नोकरी शोधायची. तरी एक होतं. बोटीचं तिकीट त्यांना स्वतः काढावं लागत नव्हतं.

आमच्या खाशाबांचं तसं नव्हतं.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. पाच भावांत धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे घरात कुस्ती. उंचीने साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, वजन पन्नास-पंचावन्न किलो. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मिशीला पीळ देणारा, मांडी थोपटणारा गडी येतो. खाशाबा रस्त्याने चालले असते तर कोणी वळून पाहिलं नसतं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. बेचाळीसच्या चळवळीत त्या भागातल्या कितीतरी पोरांप्रमाणे तेही सामील झाले, भूमिगतांना आसरा देण्याची कामं केली. पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले आणि तिथे तालीम चालू झाली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे उस्ताद. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याचं डोकं पकडीत घ्यायचं आणि अंगाला झोला देऊन त्याला भुईवर फेकायचं. लहान चणीच्या माणसाने मोठ्याला पाडायचा हा डाव आहे, त्यात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं.

कोल्हापूर तेव्हा कुस्तीचं पंढरपूर. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतलं, तालमींना वतनं दिली, पैलवानांना खुराक बांधून दिला. कोल्हापूरचा पैलवान त्याआधीही ऑलिम्पिकला जाऊन आला होता. १९२० साली अँटवर्पला रणधीर शिंदे गेले आणि चौथे आले. हे किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

तर १९४८. लंडन ऑलिम्पिक. खाशाबांचं वय बावीस. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा गेले आणि पहिल्यांदा मॅटवर उभे राहिले. आता ही मॅटची भानगड जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या मुलांनी मातीच पाहिलेली नसते.

आखाड्यातली लाल माती चाळून घेतात, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घालून ती मुरवतात. माती मऊ असते, पण पाय धरून ठेवते. पैलवान अंगाला माती लावतो, त्यामुळे घामाने हात निसटत नाहीत. आणि निकाल एकच, चितपट. पाठ लागली की संपलं. तोवर मग अर्धा तास होवो की तास, घड्याळ कोणी बघत नाही. पैलवान आधी एकमेकांना जोखतात, दमवतात, मग डाव टाकतात. मॅटवर यातलं काहीच नाही. पाय घसरतो, पकड निसटते, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे पंधरा मिनिटांत खेळ खलास. आणि पंच गुण देतात. पाठ लागलीच नाही तरी तुम्ही हरू शकता! मातीतल्या माणसाला ही गोष्टच पटणारी नाही. जन्मभर आट्यापाट्या खेळलेल्या पोराला एकदम बुद्धिबळाच्या पटासमोर बसवावं, तसला प्रकार. लंडनला त्यांना रीस गार्डनर नावाचा एक अमेरिकन मार्गदर्शक मिळाला, त्याने काही दिवसांत जमेल तेवढं शिकवलं. तेवढ्यावर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवलं (पुतण्या, हे तुझ्या शाळेतल्या भिंतीवर नसणार), अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, आणि मग इराणच्या मन्सूर रईसीशी हरले. फ्लायवेट गटात सहावा नंबर. मॅटवरच्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत जगात सहावा!

त्यांचा एक स्वभाव मला इथे दिसतो. सहावा नंबर आला म्हणून हारतुरे घेत ते बसले नाहीत. पुढची चार वर्षं त्यांनी तयारी केली, आणि तीही वरच्या वजनगटाची, म्हणजे सत्तावन्न किलोच्या बँटमवेटची.

पण या चार वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडली, आणि मला वाटतं खाशाबांची सगळी कथा तिच्याभोवती फिरते. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. मी ती वर्गात शेकडो वेळा वाचून घेतली असेन. संस्थानं विलीन झाली ते योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. राजाच्या मर्जीवर प्रजेने जगावं हे काही चांगलं नव्हे. पण त्या ओळीमागे तालमींतल्या पोरांचं काय झालं, ते पुस्तकात नसतं. खुराक कोण देणार? बोटीचं भाडं कोण भरणार? जो आजवर देत होता तो आता राजा राहिला नव्हता. आणि जे नवं सरकार आलं होतं, त्याला पैलवानाला परदेशी पाठवणं हेही आपलं काम आहे, याची अजून कल्पना नव्हती. देश नवा, फाळणीच्या जखमा ताज्या, धान्याची टंचाई. कुस्तीला पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न त्यांच्याही बाजूने खरा होता. म्हणजे जुना दाता गेला, नवा अजून उभा राहिला नाही, आणि नेमकं त्याच फटीत १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक आलं.

आधी निवडीचाच घोळ. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असा खाशाबांचा आक्षेप होता. त्यांनी दाद मागितली ती थेट पतियाळाच्या महाराजांकडे. यादवेंद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. (बघा, संस्थानं गेली तरी दार ठोठवायला शेवटी राजाच!) महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली. समोर निरंजन दास. खाशाबांनी त्याला पाडलं आणि नाव यादीत आलं.

नाव आलं, पण पैसे नाहीत.

मग सुरू झाली वर्गणी. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतून लोकांनी जमेल तसे पैसे दिले. खाशाबा दारोदार फिरले. सरकारदरबारीही विनंती झाली, तिथून हवी तशी दाद मिळाली नाही. तरीही रक्कम भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसलो होतो. सात हजार म्हणजे किती, ते आजच्या मुलांना कळणार नाही. त्यात एक बरा मोबाईलसुद्धा येत नाही. मी १९७४ साली नोकरीला लागलो, तेव्हा माझा पगार तीनशेच्या आत होता. म्हणजे हेलसिंकीनंतर बावीस वर्षांनीसुद्धा, पोटाला चिमटा घेऊन एक पैसा खर्च केला नसता, तरी मला सात हजार साठवायला दोन वर्षं लागली असती. आणि खर्डेकरांनी ते दिले एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी. तो जिंकेल याची कसलीच हमी नव्हती. मागच्या वेळी सहावा आला होता, एवढंच. मला खात्री आहे, घरातही विचारलं गेलं असेल की सहाव्याचा पाचवा झाला तर घर सुटणार कसं?

मास्तर म्हणून मी या गोष्टीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. आमच्या भागात पोरांच्या पायात वारं असतं. पाड्यावरून शाळेत यायला चढउताराची वाट, पावसाळ्यात ओहोळ ओलांडायचे, शिवाय घरचं पाणी, लाकूडफाटा. धावणं शिकवावं लागत नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. 'सावरपाडा एक्सप्रेस'. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, पुढे अर्जुन पुरस्कार, २०१६ ला रिओची मॅरेथॉन. तिला नाशिकला विजेंद्रसिंग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले. आमच्या सगळ्या पट्ट्याला तिचा अभिमान आहे. पण तिच्याआधी किती पोरं नुसती तालुक्यापर्यंत गेली आणि परत आली, ते मी पाहिलंय. पायांत जोर नव्हता म्हणून ती परत आली नाहीत. एसटीचं भाडं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा एक मुलगा कुस्तीत जिल्ह्यातून निवडला गेला. विभागीय स्पर्धेला जायचं. जाण्यायेण्याचं भाडं, दोन दिवसांचं जेवण आणि एक लंगोट. जो खर्च मंजूर व्हायचा तो एका कार्यालयाकडून, आणि तिथून उत्तर आलं की मागणीचा अर्ज दोन प्रतींत हवा. दोन प्रतींत दिला. मग उत्तर आलं, की शीर्ष चुकलंय. स्पर्धा चार दिवसांवर. शेवटी स्टाफरूममध्ये आम्ही वीस-वीस रुपये काढले, शिपाईमामांनी पाच दिले, आणि पोराला पाठवलं. निघताना त्याचे वडील बाजाराच्या कोपऱ्यावर उभे होते. मला म्हणाले, "गुरुजी, पोरगं हरलं तं पैसं बुडतीन ना तुमचं?" मी म्हटलं, "बुडू द्या." ते हसले नाहीत. नागली विकून आलेले पंचवीस रुपये त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि मी नको म्हणायच्या आत वळून गेले.

पोरगं दुसऱ्या फेरीत हरलं. परत आल्यावर शाळेत पहिलं काम काय केलं, तर खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "सर, एवढं उरलं." साडेतीन रुपये. कार्यालयाची मंजुरी आली चार महिन्यांनी. ती कशी खर्ची टाकायची, याचाच मग वेगळा पत्रव्यवहार झाला. असो.

सांगायचं इतकंच की खर्डेकरांचं घर मला नीट दिसतं. पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेल्या नावासारखं ते माझ्यापुढे येत नाही. त्याला अंगण आहे, स्वयंपाकघर आहे, आणि सावकाराच्या कागदावर सही करून रात्री झोप न आलेला एक माणूस त्यात आहे.

आता हेलसिंकी. जुलै १९५२. पहिल्या लढतींमध्ये खाशाबांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. तेव्हाचे नियम आजच्यापेक्षा निराळे होते. दोषगुण मोजत. समोरच्याला चितपट केलं तर तुमच्या खात्यावर शून्य, पण नुसतं गुणांवर जिंकलात तर जिंकूनही एक दोषगुण. हरलात की जास्त. पाच झाले की घरी. त्यामुळे शेवटच्या तिघांत राहायचं तर नुसतं जिंकून भागत नव्हतं. खाशाबा तिघांत राहिले.

मग समोर आला जपानचा शोहाची इशी. हा मूळचा जुदोवाला. युद्धानंतर जपानमध्ये जुदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. ही लढत पंधरा मिनिटं पुरी चालली. खाशाबा अगदी थोडक्यात हरले. हरले ते हरले, पण तेवढ्यात पुकारा झाला की पुढची लढत सोव्हिएत रशियाच्या रशीद ममदबेयोवशी. नियमाप्रमाणे दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते पंचांना सांगणार कोण? तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबांना तसंच थकलेल्या अंगाने उतरावं लागलं आणि ते हरले. इशीला सुवर्ण (त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण), ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

मला कुस्तीतलं फार कळतं असं नाही, पण शाळेच्या सामन्यांना मुलं घेऊन मी आयुष्यभर फिरलोय. सोबत एक मोठं माणूस लागतं. पोरांना खेळायला शिकवायला नव्हे. "अहो, याची पाळी आत्ताच झाली, जरा दम खाऊ द्या," एवढं बोलायला. ऑलिम्पिकच्या मैदानावर स्वतंत्र भारताच्या मल्लामागे हे एक वाक्य बोलायला माणूस नव्हता, याचं मला सात हजारांपेक्षा जास्त वाईट वाटतं. पैसे गावाने गोळा केले. हे वाक्य गावाला गोळा करता येण्यासारखं नव्हतं.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव मांगवे फेदरवेट गटात चौथे आले, तेही लोक विसरतात. आणि हॉकीने सुवर्ण मिळवलं, अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहा-एक, त्यातले पाच गोल एकट्या बलबीरसिंगचे. देशभर जल्लोष झाला तो हॉकीचा. खाशाबांचं कांस्य त्यात झाकलं गेलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होतं. (१९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं मिळवली होती, पण तो इंग्रजांचा काळ, आणि तो नेमका कोणाकडून धावला याचा वाद अजून चालतो.) पुढचं वैयक्तिक पदक यायला चव्वेचाळीस वर्षं लागली, १९९६ ला लिअँडर पेसचं. कुस्तीत तर पुढचं पदक सुशीलकुमारचं, २००८ साली, म्हणजे छप्पन्न वर्षांनी.

दिल्ली-मुंबईने नाही केलं, पण कराडने स्वागत केलं. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट, तिला सात तास लागले असं सांगतात. ढोल, लेझीम, गुलाल. ज्यांनी आणे-रुपये दिले होते ते सगळे त्या गाड्यांत असणार. मला ही मिरवणूक हॉकीच्या सत्कारापेक्षा मोठी वाटते, कारण तिच्यातल्या प्रत्येकाचा त्या पदकात खराखुरा हिस्सा होता, अगदी पैशातला.

पुढे काय झालं, हा पुतण्याचा प्रश्न. पुढचं फार सांगण्यासारखं नाही, म्हणून भरभर सांगतो. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला, म्हणजे पुतण्याच्याच देशात, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते हुकलं. पोलीस खात्याच्या स्पर्धांत कुस्त्या जिंकल्या, पोरांना शिकवलं. सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी त्याच सब-इन्स्पेक्टरच्या पदावर. शेवटी असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना बोलावलं होतं, हा सन्मान हयातीत मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. वय अठ्ठावन्न.

मग सन्मान यायला लागले. शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात, अर्जुन पुरस्कार दोन हजारच्या पुढे-मागे. दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. २०२३ साली त्यांच्या जन्मदिवशी गूगलने पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं, नातीने दाखवलं मला. मात्र गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्तीचं संकुल उभारायची घोषणा झाली, ती इतकी वर्षं रखडली की २०१७ साली त्यांच्या मुलाला जाहीर करावं लागलं, पदकाचा लिलाव करून आम्ही पैसे उभे करतो. पासष्ट वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न, पैसे कुठून आणायचे!

माझी एक तक्रार आहे. खाशाबांबद्दल जिथे तिथे लिहितात, त्यात शेवटी सरकारच्या नावाने खडे फोडलेले असतात. ते खोटं नाही. पण त्या नादात खाशाबा बिचारे, उपेक्षित, गरीब असे होऊन जातात. माझ्या मनात ते तसे नाहीत. हा माणूस हेलसिंकीहून परत आला, गळ्यातले हार उतरले, आणि त्याने पहिली गोष्ट केली ती हिशोबाची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवलीय.

महाराष्ट्र सरकारने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला, तेव्हापासून शाळांत त्या दिवशी खाशाबांच्या फोटोला हार घालतात. आमच्या इथल्या शाळेने मला एकदा बोलायला बोलावलं. निवृत्त माणूस, वेळ भरपूर. मी लंडन सांगितलं, हेलसिंकी सांगितलं, मातीची कुस्ती सांगितली. पोरं ढाक कसा मारतात ते एकमेकांवर करून बघायला लागली, त्यांना आवरावं लागलं. आणि खर्डेकरांचं घर सांगितलं. भाषण संपल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? नेहमीप्रमाणे शांतता. मग मागच्या रांगेतून एक सहावीतली मुलगी उठली. पदक कुठे आहे, खाशाबा किती किलोचे होते, असलं काही तिने विचारलं नाही. तिने विचारलं, "सर, त्या सरांचं घर सुटलं का?"

सुटलं, मी सांगितलं. खाशाबांनी परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. ऑलिम्पिकचा पदकवीर पुन्हा लंगोट चढवून लाल मातीत उतरला, स्वतः कुस्त्या केल्या, जिंकल्या. जे पैसे जमले ते नेऊन प्राचार्य खर्डेकरांना दिले, आणि त्यांचं घर त्यांना सोडवून दिलं.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे," मी म्हटलं, आणि ती खाली बसली.